चार नगांची ऑर्डर

गाडीचा कुठलाही पार्ट सांगा, पिंपरीपासून चाकणपर्यंत कुठल्या ना कुठल्या शेडमध्ये तो बनत असणार, असं आपण गावाकडून आलेल्या पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. त्यात फारसं खोटंही नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, पुढे बजाज, टेम्पो, टेल्को आल्या, एमआयडीसीने भोसरी वसवली, आणि २००९-१० पर्यंत चाकणला फोक्सवॅगन आणि महिंद्राही उभ्या राहिल्या. पण मित्रांनो, याच पट्ट्यात कुठल्याही कंपनीच्या गेटवर जा आणि पार्टच्या नावापुढे फक्त तीन शब्द जोडा : 'चार नग हवेत'. मग बघा काय होतं ते! लाखाच्या भाषेत बोलणारा हा सगळा पट्टा एकदम मुका होतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भोसरीतल्या एका छोट्या गॅरेजमध्ये रोज जात होतो. तिथे १९५० च्या दशकातली एक शेव्हरोले आली होती. मालक म्हणजे कुणी शेठ नव्हेत, रिटायर झालेले गृहस्थ. गाडी वडिलांची. इंजिन उत्तम, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सखाली दर रात्री ताटलीभर लाल तेल साचायचं आणि गिअर कधी पडायचा, कधी नुसतीच घरघर. चार मेकॅनिकांनी त्यांना एकच सल्ला दिला होता : 'काका, हे काढून टाका, साधा गिअरबॉक्स बसवून देतो.' आमच्या मिस्त्रींनी चेंबर उघडला, आत बघितलं आणि म्हणाले, 'काका, मशीन चांगलं आहे. फक्त पॅकिंग गेलंय.'

पॅकिंग म्हणजे आपलं गॅस्केट. पुस्तकात गॅस्केट, गॅरेजमध्ये पॅकिंग. मशीन डिझाईनच्या पेपरला आपण त्यावर जेमतेम चार मार्कांचं उत्तर लिहितो, आणि तेही 'शॉर्ट नोट्स, एनी टू' मध्ये ऑप्शनला टाकतो. माझं म्हणणं एवढंच आहे की या चार मार्कांच्या वस्तूने आपल्या सगळ्या शिक्षणाची आणि आपल्या सगळ्या औद्योगिक पट्ट्याची एक मोठी उणीव दाखवून दिली आहे. ती उणीव आपण आपल्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्येच भरून काढू शकतो.

आधी ही गाडी इथे आली कशी ते सांगतो. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ मध्ये बंद झाला. इकडे आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ बाहेर पडू लागल्या. अमेरिकेत तेव्हा ऑटोमॅटिकची लाट होती. हायड्रामॅटिक १९३९ मध्ये जाहीर झाला आणि ओल्डस्मोबाईलच्या १९४० च्या मॉडेलमध्ये बसला. शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड १९५० साली आला. टॉर्क कन्व्हर्टर आणि फक्त दोन गिअर, पण स्वस्त गाडीत आलेला तो पहिला पूर्ण ऑटोमॅटिक म्हणून गाजला. मग आपल्याकडे आयातीवर बंधनं आली, आणि पुढची तीन-चार दशकं फियाट आणि अॅम्बेसेडरचा हाताने टाकायचा गिअर हाच आपला गिअर झाला. साहजिकच मिस्त्रींच्या दोन पिढ्यांनी ऑटोमॅटिक उघडूनच बघितला नाही. जे दिसलं नाही त्याची भीती वाटते. त्या भीतीपोटी कितीतरी गाड्यांचे ऑटोमॅटिक निघाले, डिझेल इंजिनं बसली आणि मूळ माल भंगारात किलोवर गेला.

आता कुणी म्हणेल, पॅकिंग म्हणजे काय रॉकेट सायन्स आहे का? कागद घ्या, कापा, लावा. चेंबरच्या पॅकिंगपुरतं हे ठीक आहे. तिथे दाब जवळजवळ नसतोच, फक्त तेल उडतं. पण खरी गंमत आत, व्हॉल्व्ह बॉडीत आहे. तिच्यात तेलाच्या नाल्यांचा भुलभुलैया असतो. गाडीचा वेग आणि अॅक्सिलरेटर यांचा हिशोब ही नाली तेलाच्या दाबावर करते आणि ठरवते की कुठला क्लच, कुठला बँड आता दाबायचा. म्हणजे चक्क तेलावर चालणारा कॉम्प्युटर! दाब साधारण ६० ते २०० पीएसआय, म्हणजे ४ ते १४ बार. या नाल्यांच्या मधला कागद हाच त्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम. एक भोक राहिलं तर एका क्लचला तेलच जात नाही. दोन नाल्यांमधली चार मिलिमीटरची पट्टी फाटली तर दोन्हीकडे अर्धा अर्धा दाब जातो, क्लच धड धरत नाही, धड सोडत नाही, आणि जळतो. ऑईल पंपाच्या पॅकिंगची जाडी चुकली तर शाफ्टचा एंड प्ले बदलतो. बाहेरून मात्र सगळं कोरडं! गाडी गळत नाही, पण चालतही नाही.

तर असं हे पॅकिंग शोधायला आम्ही बाहेर पडलो. नाना पेठेत फियाटचं सगळं मिळालं, वर चहाही मिळाला. बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार पालथा घातला. मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरही एक दिवस गेला. मग म्हटलं, आपण गॅस्केटच्या माहेरघरातच राहतो, बनवणाऱ्याकडेच जाऊ. एका कंपनीच्या साहेबांनी सँपल हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि अतिशय प्रेमाने विचारलं, 'इयरली व्हॉल्यूम किती?' मी म्हटलं, 'चार.' 'चार हजार?' 'नाही सर, चार.' साहेब हसले. त्यांनी चहा मागवला नाही.

मी त्यांना दोष देत नाही, कारण गणित त्यांच्या बाजूने आहे. पॅकिंग मोठ्या संख्येने कापायचं तर लाकडी फळीत धारदार पट्ट्या बसवलेली डाय लागते. समजा डाय आठ हजारांना पडली. दहा हजार नगांवर वाटली तर नगामागे ऐंशी पैसे. चार नगांवर वाटली तर नगामागे दोन हजार रुपये, आणि वर लाईन थांबवून सेटिंग करायचं ते वेगळंच. पण हेच गणित शेवटचं मानलं तर 'जे थोडं लागतं ते बनणारच नाही' असा नियम होतो. आणि जगातली बरीचशी दुरुस्ती ही थोड्या लागणाऱ्या वस्तूंचीच असते.

तिसरा रस्ता अमेरिकेचा. पॉवरग्लाइड लाखोंनी बनला, त्यामुळे त्याचं किट आजही तिकडे नवं मिळतं. कुरिअर आणि कस्टम ड्यूटी भरायची तयारी हवी. किट उघडल्यावर आणखी एक परीक्षा असते. वेगवेगळ्या वर्षांच्या गिअरबॉक्सना चालावं म्हणून त्यात जास्तीची पॅकिंगं घातलेली असतात. एकसारखी दिसणारी दोन समोर येतात, फरक एका भोकाचा. जुन्या प्लेटवर ठेवून भोकाला भोक जुळतं की नाही हे बघितल्याशिवाय त्यातलं एकही लावायचं नाही.

मग विकत काय घ्यायचं आणि बनवायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. फिरत्या शाफ्टवरची ऑईल सीलं, आतल्या सीलिंग रिंगा, क्लच प्लेटा यांच्या नादी लागायचं नाही. सीलची ओठाची धार आणि रबराची जात हा मोल्डिंगचा विषय आहे. इंची मापाची सीलं बेअरिंगच्या दुकानात मापावर मिळून जातात, नाहीतर बाहेरून मागवावीत. पण सपाट पॅकिंगं? ती इथेच, आपल्या हाताने बनवावीत. आम्ही चेंबर, सर्व्हो कव्हर आणि मागच्या हाउसिंगची पॅकिंगं इथे बनवली आणि व्हॉल्व्ह बॉडीची किटमधली वापरली, तीही ताडून घेऊन.

बनवण्याचा पहिला धडा मिस्त्रींनी दिला आणि तो कुठल्याही लेक्चरपेक्षा मोठा आहे : पॅकिंगची नक्कल पॅकिंगवरून करायची नाही, लोखंडावरून करायची. जुना कागद सत्तर वर्षांत वाळून आखडलेला असतो. ४०० मिलिमीटर लांबीचं पॅकिंग एक टक्का जरी आखडलं असेल तरी ४ मिलिमीटर गेले. तेवढ्यात बोल्टची भोकं चुकतात. मिस्त्री कागद फेसवर ठेवतात, तेलकट बोट कडेने फिरवतात, छाप उमटते. भोकावर सायकलच्या बेअरिंगची योग्य मापाची गोळी ठेवून हलका टोला दिला की गोल भोक पडतं. कडा मात्र हातोडीने ठोकून कापायच्या नाहीत, अॅल्युमिनियमची धार मरते.

माझी त्यात भर एवढीच की मी व्हॉल्व्ह बॉडीची सपाट प्लेट हॉस्टेलच्या मित्राच्या स्कॅनरवर ठेवली. ३०० डीपीआयला एक ठिपका ०.०८५ मिलिमीटरचा पडतो. शेजारी स्टीलची पट्टी ठेवली म्हणजे स्केल बरोबर आलं की नाही ते कळतं. त्यावर कॅडमध्ये ड्रॉईंग केलं, एकास एक प्रिंट काढली आणि किटमधलं पॅकिंग त्यावर ठेवून बघितलं. मिस्त्री बराच वेळ प्रिंट निरखत होते. म्हणाले, 'हे जपून ठेव रे. पुढच्या वेळी गोळी लागणार नाही.'

कागदही कुठलाही चालत नाही. चेंबरला रबर मिसळलेला कॉर्क, आतल्या भागांना नायट्राईल बाइंडर असलेला फायबरचा कागद, आणि जाडी मूळ जाडीइतकीच. 'एक नंबर जाड लावू, गळणार नाही' हे बोलणं ऑटोमॅटिकमध्ये घातक. आणखी एक गंभीर गोष्ट. त्या काळच्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं खरवडायचं नाही, वायर ब्रश ग्राइंडरला लावून तर अजिबातच नाही. भिजवायचं, ओलंच काढायचं, पिशवीत बांधायचं. फुप्फुसाचं पॅकिंग नाना पेठेतही मिळत नाही.

बसवताना आपल्या पट्ट्यातल्या सगळ्या चांगल्या-वाईट सवयी उघड्या पडतात. सगळ्यात लाडकी सवय म्हणजे सिलिकॉनची ट्यूब. पिळा आणि विसरा! पण आतल्या बाजूला आलेला सिलिकॉनचा दोरा तुटतो, तेलात फिरतो आणि जाळीत नाहीतर व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. आत सिलिकॉन नाही, शेलॅक नाही. पॅकिंग जागेवर धरून ठेवायचं असेल तर साधं व्हॅसलिन, ते तेलात विरघळतं. दुसरी सवय कॉटन वेस्टची. तिचा एक धागा व्हॉल्व्ह अडकवायला पुरेसा आहे. पुसायला धागे न सुटणारं कापड वापरावं. तिसरी सवय बोल्ट 'अजून थोडा' आवळण्याची. चेंबरच्या बोल्टला साधारण १० ते १४ न्यूटन-मीटर पुरतात. जास्त आवळलं की पत्र्याची भोकं फुगतात आणि दोन बोल्टांच्या मधून गळती सुरू होते. मग लोक आणखी आवळतात! फुगलेली भोकं लाकडी ठोकळ्यावर सपाट करून घेणं हाच त्यावरचा उपाय.

आणि बोल्टचा सापळा तर खास आपल्या मेट्रिक पट्ट्यासाठीच लावलेला वाटतो. अमेरिकन गाडीचा ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, आपला एम-८ बोल्ट ८ चा. डोळ्यांना काहीच फरक नाही. पण इंचाला १८ आटे म्हणजे पिच १.४१, आणि एम-८ ची पिच १.२५. एक-दोन फेरे छान बसतो, मग अडतो. तिथे पान्याला पाईप लावून जोर केला की सत्तर वर्षं टिकलेला आटा एका मिनिटात गेला. मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला आपण थ्रेड गेज हातात घेऊन 'रीडिंग घेतल्यासारखं' करतो, तो गेज नेमका यासाठी असतो. तेल भरून, इंजिन गरम करून, बाहेरून टाल्कम पावडर मारून आम्ही तपासलं. पावडर कोरडी राहिली, आणि गाडी पहिल्यातून दुसऱ्यात अशी गेली की काकांना कळलंही नाही.

(जाता जाता : त्या काळच्या गिअर तेलात स्पर्म व्हेल माशाचं तेल मिसळलेलं असायचं, क्लच मऊ धरावा म्हणून! १९७० च्या दशकात ते थांबलं. आज सिंथेटिक रसायनं तेच काम करतात. व्हायवाला कुणी विचारणार नाही, पण मेसमध्ये सांगायला बरं आहे.)

आता आक्षेप. हॉस्टेलवर मी हा विषय काढला की एक जण हमखास म्हणतो, 'जग इलेक्ट्रिककडे चाललंय आणि तू म्हाताऱ्या गाडीचा कागद काय कापतोयस? हे श्रीमंतांचे चोचले आहेत.' अर्धी गोष्ट खरी आहे. विंटेज गाडी पोसणं महागच. पण सगळे मालक श्रीमंत नसतात हे मी बघितलंय. शिवाय सरकारनेही २०२१ मध्ये नियम करून ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट देऊ केली, आणि त्यासाठी चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट घातली. म्हणजे मूळ वस्तू जपण्याला आता कागदोपत्रीही किंमत आहे. आणि पिंपरीत १९९५ मध्ये मर्सिडीजची जुळणी सुरू झाली त्या गाड्याही आता तिशीत आहेत. चाकणहून आज ऑटोमॅटिक गाड्या निघतात. त्यांचीही वयं होणारच आहेत.

त्याहून मोठं उत्तर गाड्यांच्या बाहेर आहे. एमआयडीसीतल्या कुठल्याही जुन्या शेडमध्ये जा. ज्या देशातल्या कंपनीने मशीन बनवलं ती कंपनीच बंद पडली आहे अशी एखादी प्रेस, एखादा कॉम्प्रेसर तुम्हाला नक्की भेटेल. टॉर्क कन्व्हर्टरचा जुना फोर्कलिफ्ट भेटेल. त्यांचं एक पॅकिंग फाटलं की मशीन उभं राहतं, आणि तिथल्या वीस माणसांची पाळी बसून जाते. तेव्हा चार नग बनवणारा माणूस लागतो. तो माणूस आज साठीचा आहे, आणि त्याच्या हाताखाली कुणी शिकत नाही.

त्याचा आधारही सुटत चालला आहे. चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगाराची मोठी वस्ती होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली. तिथल्या अनधिकृत शेड, वारंवारच्या आगी, प्रदूषण हे प्रश्न खरेच होते, त्याबद्दल माझा वाद नाही. पण छोट्या गॅरेजवाल्यासाठी तशा बाजारातलं भंगार म्हणजे जुन्या मापांचं ग्रंथालय असतं. उरलेल्या शीटचे तुकडे, इंची बोल्ट, तुटक्या मशीनचा एखादा शाबूत पार्ट हे सगळं तिथे किलोवर मिळतं. ग्रंथालय हलवायचं तर पुस्तकं कुठे ठेवायची याचाही विचार हवा, एवढंच.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली : वर्कशॉप प्रॅक्टिकलला आपण लाकडाचा जो टी-जॉइंट वर्षानुवर्षं करतो (आणि बरेच जण बाहेरून करून आणतात, सरांनाही ते माहीत आहे), त्याच्या जोडीला एक जॉब पॅकिंगचा ठेवावा. जुना पंप द्यावा, माप घ्यावं, कागद निवडावा, कापावा, बसवावा, दाब लावावा. गळलं तर मार्क नाहीत. यात चीटिंग करताच येत नाही! दुसरी : आपल्या लायब्ररीत एकास एक ड्रॉईंगचा एक संग्रह सुरू करावा. कुठल्याही गॅरेजने, शेडने जुनं पॅकिंग आणि त्याचा धातूचा भाग आणावा, आपण स्कॅन करून, मापं ताडून, मटेरियल आणि जाडी लिहून ठेवावं. पाच वर्षांत या पट्ट्यात कुणाकडे नसेल असा खजिना तयार होईल, आणि खर्च जवळजवळ शून्य. तिसरी : मिस्त्रींसारख्या माणसांना टर्ममधून दोन दिवस मानधन देऊन शिकवायला बोलवावं. गेस्ट लेक्चर म्हणून आपण एसी हॉलमध्ये एचआरच्या साहेबांना 'सॉफ्ट स्किल्स'वर ऐकतो, तर हार्ड स्किलवरही कुणाला तरी ऐकू.

यातून कुणाचं पॅकेज वाढेल असा दावा मी करत नाही. पण पर्चेस ऑर्डरमध्ये नसलेली वस्तू समोर आली तर हात वर करायचे नाहीत, मापं घ्यायची, एवढं शिकून इथून बाहेर पडलो तर डिग्रीवर 'मेकॅनिकल' लिहिलेलं शोभेल.

पटत असेल तर सबमिशन संपल्यावर शनिवारी दुपारी वर्कशॉपमध्ये या. एक जुना कूलंट पंप तिथे कोपऱ्यात पडून आहे, सुरुवात त्यापासून करू. पंच आणि कागद मी आणतो. स्टीलची पट्टी मात्र ज्याची त्याने आणावी, माझ्या दोन पट्ट्या आधीच बी-विंगमध्ये गेल्या आहेत त्या अजून परत आलेल्या नाहीत.